एका खांबावरचं होर्डिंग उभं कसं राहतं?

निफाडच्या द्राक्षबागांत मांडवाच्या कडेच्या खांबांना तारेचे ताण दिलेले तुम्ही पाहिले असतील. रस्त्याकडेच्या एकखांबी होर्डिंगला मात्र असा ताण नसतो. मग ते पडत का नाही?

त्याची खरी लढाई वजनाशी नाही, वाऱ्याशी असते. भारतीय मानकात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. असा वारा 20 बाय 10 फुटी फलकाला दोन टनांच्या आसपास रेटतो. वेग दुप्पट झाला, की रेटा चौपट! शिवाय खांब पहारीसारखं काम करतो. फलक जितका उंच, तितका बुडाशी उपटणारा जोर जास्त. तो पेलायचा बुडाच्या बोल्टांनी आणि जमिनीतल्या काँक्रीटच्या पायानं.

खांब एक असो की अनेक, पाया चुकला की संपलं. 13 मे 2024 ला घाटकोपरला 120 बाय 120 फुटी होर्डिंग वादळात पेट्रोल पंपावर कोसळलं, 17 जण गेले. परवानगीची मर्यादा होती 40 बाय 40. म्हणजे क्षेत्रफळ नऊपट! तपासणीत पायाही कमकुवत निघाला.

म्हणून वळवाचा वारा सुटला, की आडोशाला होर्डिंगखाली थांबू नका.