ठरलेली शुश्रूषा आणि घडलेली शुश्रूषा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक व रोगी. पैकीं रोग्याचे गुण म्हणजे स्मृति, सांगितल्याप्रमाणें वागणें, निर्भयता आणि आपलें दुखणें सांगतां येणें. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाचे नेमके हेच चारही गुण एकेक करून जातात. मग त्याचा सारा भार परिचारकावर येऊन पडतो. आणि शुश्रूषागृहांत परिचारक एक नसून अनेक असतात.

हा प्रश्न परदेशापुरता राहिलेला नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीच्या अंदाजाप्रमाणें आपल्या देशांत साठ वर्षांवरील शेंकडा ७.४ लोकांस, म्हणजे सुमारें ८८ लक्ष वृद्धांस, हा विकार आहे.

असा वृद्ध स्नानाच्या वेळीं ओरडतो, हात उगारतो, रात्रीं दाराशीं घुटमळतो. त्यास गोळी देऊन गप्प करणें सोपें. परंतु २००५ सालीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें इशारा दिला कीं, मनोविकारावरील नव्या वर्गाच्या औषधांनीं अशा वृद्धांतील मृत्यूचें प्रमाण सुमारें १.६ ते १.७ पट होतें. म्हणून औषधाआधीं वर्तनोपचार करावा, हें मत पुढें रूढ झालें. तेथील माजी सैनिकांच्या शुश्रूषागृहांत ‘स्टार-व्हीए’ नांवाची पद्धति आहे. मानसतज्ज्ञ, परिचारिका व इतर सेवक एकत्र बसतात. क्षोभापूर्वीं काय घडलें व नंतर काय झालें तें टिपतात, आणि काय बदलावयाचें तें ठरवितात. समोरून यावें, आपलें नांव सांगावें, पाणी ऊन असावें, खांद्यावर पंचा राहूं द्यावा. एवढेंच!

पण हें एवढेंच रोज, सर्वांकडून घडणें कठीण. आमचें हिंगणघाट कापसाचें गांव; तुटलेलें सूत पुढच्या पाळीच्या माणसास दाखविलें नाहीं तर काय होतें, हें येथील जुन्या गिरणीकामगारांस शिकवावयास नको. सकाळची बाई समोरून येते, संध्याकाळची मागून येऊन लुगडें ओढते. आणि नोंदवहींत मात्र दोन्ही वेळां ‘केलें’ अशीच खूण! आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसास या खुणेचें मोल ठाऊक असतें. दोष केवळ त्या बाईचा मानूं नये. न्याहारीपूर्वीं आठ जणांस स्नान घालावयाचें असेल तर नांव सांगावयास सवड कोठून मिळणार?

इंग्लंडांतील २० शुश्रूषागृहांत झालेल्या एका प्रयोगाचा निष्कर्ष २०१९ सालीं आला. बहुसंख्य सेवकांनीं सहाही पाठ पूर्ण केले होते. तरी आठ महिन्यांनीं वृद्धांच्या क्षोभांत फरक दिसला नाहीं. उलट २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘व्हेल्ड’ प्रयोगांत, ब्रिटनमधील ६९ गृहांत, निवडक सेवकांस तयार करून त्यांच्या कामावर नऊ महिने देखरेख ठेवली; तेथें क्षोभ कमी झाला व जीवनमान सुधारलें, जरी सुधारणा माफकच होती. दोन्ही प्रयोग सर्वस्वी सारखे नव्हते, म्हणून एवढ्यावरून निकाल देतां येत नाहीं. तथापि पाठ ऐकणें निराळें व अंगवळणीं पडणें निराळें, असा माझा तरी समज झाला आहे.

एकत्र कुटुंबांतही हेंच घडतें. आजी विचारते, “हे अजून कां आले नाहींत?” थोरली सून म्हणते, “त्यांच्याविषयीं सांगा ना, कॉफी कशी लागे त्यांना?” तेवढ्यांत नातू बोलून जातो, “आजी, आजोबांना जाऊन दहा वर्षें झालीं!” आजीला ती वार्ता त्या क्षणीं नवीच असते, ती पुन्हा रडूं लागते. घरांतील सर्वांनीं एकदां बसून उत्तर एकच ठरवावें, तें लिहून माजघरांत लावावें, आणि पुण्या-मुंबईहून सणाला येणारांसही आल्याबरोबर दाखवावें.

आईवडिलांस शुश्रूषागृहांत ठेवणें ज्यांस भाग पडतें, त्यांनीं भिंतीवरचे नियम वाचून परत फिरूं नये. संध्याकाळच्या पाळीस आलेल्या बाईस गांठून विचारावें, “आमच्या आईला कशाची भीति वाटते, हें तुम्हांला कोणीं सांगितलें आहे का?”