चारही पाय हवेत

दिवाळीच्या बोनसमधून किंवा हप्त्यांवर नवा कॅमेरा घरी आला, की त्याचं पहिलं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. घरात कुत्रा असेल तर तोच. सोफ्यावर पसरलेला, खिडकीत नाक खुपसून गल्लीतल्या मांजरीवर पाळत ठेवून बसलेला, असे त्याचे फोटो पहिल्याच दिवशी झकास येतात. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कौतुक होतं. मग रविवारी सकाळी मालक कॅमेरा गळ्यात अडकवून मैदान गाठतो आणि पट्टा सोडतो. घरी येऊन लॅपटॉप उघडल्यावर दिसतं ते असं: एका फोटोत नुसती शेपटी, दुसऱ्यात मागचं गवत लख्ख आणि कुत्रा धूसर, तिसऱ्यात पायांच्या जागी करड्या रंगाचा फराटा.

हिशेब मांडला की गडबड कुठे झाली ते कळतं. पळणारा कुत्रा ताशी ३६ किलोमीटर वेगाने जातोय असं धरलं, तर तो सेकंदाला दहा मीटर कापतो. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात तो सुमारे १७ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. १/२५० ला हे अंतर चार सेंटिमीटर होतं, १/१००० ला एक सेंटिमीटर. ग्रेहाउंड तर ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास पळतो; १/१००० सेकंदातही तो १८ मिलिमीटर सरकतो. हे झालं धडाचं. पायांची गोष्ट निराळी. जमिनीवर टेकलेला पंजा क्षणभर स्थिर असतो, आणि तोच पंजा पुढची ढांग टाकताना धडाहून जास्त वेगाने येतो. म्हणून तोंड स्पष्ट आणि पंजे पुसलेले, असे फोटो इतके निघतात. पळत्या कुत्र्यासाठी १/१००० ही सुरुवात, आणि उजेड असेल तर १/२००० बरं.

शटर जेवढं लवकर मिटणार तेवढा उजेड कमी. १/१२५ वरून १/२००० वर गेलं की सेन्सरवर सोळावा हिस्साच प्रकाश पडतो. तो भरून काढायला लेन्सचं अॅपर्चर मोठं करावं लागतं, नाहीतर आयएसओ शंभरावरून सोळाशेवर न्यावा लागतो. नवशिका इथे आयएसओला घाबरतो. फोटोत दाणे येतील म्हणून तो कमीच ठेवतो. दाणे काढणारी सॉफ्टवेअरं आज चांगली आहेत, हललेला डोळा मात्र नंतर नीट करता येत नाही. बरेच जण शटर स्पीड आणि अॅपर्चर स्वतः ठरवतात आणि आयएसओ ‘ऑटो’वर सोडतात. कुत्रा उन्हातून झाडाच्या सावलीत शिरला तरी मग चाकं फिरवत बसावं लागत नाही.

ऑटोवर सोडलं तरी रंगाचा घोळ उरतोच. समोर जे काही आहे ते साधारण मध्यम करड्या छटेचं असावं, असं कॅमेऱ्याचं मीटर धरून चालतं. पांढऱ्या पॉमेरेनियनने फ्रेम भरली की तो मळकट दिसतो. तिथे एक्सपोजर थोडं ‘अधिक’कडे न्यायचं. काळा लॅब्रेडोर जवळून टिपला की तो राखाडी होतो, तिथे ‘उणे’कडे. एकाच मैदानावर दोघे खेळत असतील तर फोटोग्राफरचा अंगठा सतत कामाला लागलेला असतो.

फोकसच्या बाबतीत मात्र गेल्या काही वर्षांत खरोखर मोठा बदल झाला. सोनीने एप्रिल २०१९ मध्ये ‘ए सेव्हन थ्री’सारख्या कॅमेऱ्यांना नव्या फर्मवेअरमधून प्राण्यांचे डोळे ओळखायला शिकवलं. फेब्रुवारी २०२० मध्ये निकॉनच्या ‘झेड सिक्स’ आणि ‘झेड सेव्हन’ला कुत्री-मांजरं ओळखता येऊ लागली. त्याच वर्षी जुलैत आलेल्या कॅननच्या ‘आर फाइव्ह’ला कुत्री, मांजरं आणि पक्षी तिन्ही कळत होते. त्याआधी फोटोग्राफर फोकसचा एक ठिपका निवडून तो कुत्र्याच्या तोंडावर टिकवायची कसरत करत असे. आता कॅमेरा स्वतःच डोळ्याभोवती चौकट काढतो आणि कुत्रा पळत असताना ती त्याच्या डोळ्यावर ठेवायचा प्रयत्न करतो. अट एवढीच की फोकस ‘सलग’ प्रकारात हवा. कॅननच्या मेनूत त्याला ‘सर्वो’ म्हणतात, सोनी-निकॉनच्या मेनूत ‘एएफ-सी’. नव्या कॅमेऱ्याचे पहिले फोटो फसतात तेव्हा पुष्कळदा हीच एक सेटिंग बदलायची राहिलेली असते.

ही चौकटही चकते. काळ्या तोंडावरचे काळे डोळे, ल्हासा अॅप्सोच्या डोळ्यांवर आलेली झुलपं, मध्येच आडवं येणारं उंच गवत, कॅमेऱ्याकडे फिरलेली पाठ, यातलं काहीही तिला पुरतं. उजेड समोरून पडला की काळ्या कुत्र्याच्या डोळ्यातही एक चमक उमटते आणि कॅमेऱ्याचं काम सोपं होतं.

फोकसमध्ये चुकीला जागा किती कमी, तेही पाहण्यासारखं आहे. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरची लेन्स एफ २.८ ला उघडी ठेवून दहा मीटरवरचा कुत्रा टिपला, तर पुढे-मागे मिळून जेमतेम ४२ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. कुत्रा पाच मीटरवर आला की हाच पट्टा साडेदहा सेंटिमीटरचा होतो, म्हणजे डोळा स्पष्ट असताना नाकाचा शेंडा धूसर होण्याइतका. सेकंदाला दहा मीटर पळणारा कुत्रा तो ४२ सेंटिमीटरचा पट्टा १/२४ सेकंदात ओलांडतो. म्हणूनच अंगावर धावत येणारा कुत्रा हा सगळ्यात अवघड फोटो, आणि नवशिक्याला नेमका तोच हवा असतो. सुरुवात आडव्या धावेपासून केलेली बरी. कुत्रा डावीकडून उजवीकडे पळतो तेव्हा कॅमेऱ्यापासूनचं अंतर फारसं बदलत नाही. अॅपर्चर एफ ४ किंवा एफ ५.६ ठेवलं तर आणखी थोडी सवलत मिळते.

मग बटण दाबून धरायचं आणि सेकंदाला वीस फोटो काढत सुटायचं, हा मोह होतो. पण वीस फोटो काढले तरी दोन फोटोंमध्ये सेकंदाला दहा मीटर पळणारा तो कुत्रा अर्धा मीटर पुढे गेलेला असतो. हवा असलेला क्षण त्या अर्ध्या मीटरमध्ये निसटू शकतो. शिवाय एक रॉ फाइल २५ एमबीची धरली तर दहा सेकंदांत पाच जीबी कार्डावर जातात. कार्डावरच्या व्ही ३०, व्ही ६०, व्ही ९० या खुणा सेकंदाला किमान किती एमबी लिहिले जातील ते सांगतात. स्वस्त कार्ड घातलं की ऐन खेळात कॅमेऱ्याचा बफर भरतो, आणि कुत्रा चेंडू तोंडात धरून उडी मारत असताना मालक ‘बिझी’चा दिवा बघत उभा राहतो.

जास्त वेगासाठी आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की वेगळाच प्रकार घडतो. बहुतेक सेन्सर चित्र एका दमात वाचत नाहीत, ओळीमागून ओळ वाचतात. तेवढ्यात कुत्र्याचे पाय पुढे गेलेले असतात आणि ते तिरपे उमटतात. कॅमेरा कुत्र्याबरोबर फिरवला तर मागचे विजेचे खांबही कललेले दिसतात. सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपणारा ग्लोबल शटर सोनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ‘ए नाइन थ्री’मध्ये आणला, तो सेकंदाला १२० फोटो काढतो. त्याची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहे. साध्या कॅमेऱ्यात यांत्रिक शटर वापरलं की हा प्रश्न जवळजवळ सुटतो.

यंत्राची बाजू एवढी झाली. कुत्रा कसा पळतो हे कोणत्याही मेनूत लिहिलेलं नसतं. त्यासाठी दीडशे वर्षांपूर्वीच्या एका प्रयोगाकडे जावं लागतं. १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे फोटोग्राफर एडवर्ड मायब्रिजने लेलँड स्टॅनफर्डच्या घोड्यांच्या वाटेवर कॅमेऱ्यांची रांग लावली आणि त्यांना जोडलेले दोरे वाटेत आडवे ताणले. घोडीचा पाय दोऱ्याला लागला की त्या दोऱ्याचा कॅमेरा उघडे. फोटो पाहून चित्रकारांचा एक जुना समज मोडला. पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून चौखूर उडणारा घोडा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रंगवला होता. घोड्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात हे खरं, पण ते पोटाखाली गोळा झालेले असताना.

पुढे पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात मायब्रिजने माणसांचे आणि प्राण्यांचे असेच फोटो घेतले. १८८७ च्या ‘अॅनिमल लोकोमोशन’ या ग्रंथातल्या ७८१ पट्ट्यांमध्ये कुत्रेही आहेत, त्यात मॅगी नावाची एक शर्यतीची कुत्री भरधाव पळताना दिसते. चित्रकारांनी घोड्याच्या नावावर खपवलेली ती ताणलेली उडी या जातीच्या कुत्र्यांत मात्र खरीच असते. ग्रेहाउंड चौखूर पळताना एका आवर्तनात दोनदा हवेत असतो: एकदा शरीर पूर्ण ताणलेलं असताना, आणि एकदा पाठीची कमान होऊन चारही पाय पोटाखाली आलेले असताना. मागचे पाय कानांच्या रेषेपर्यंत पुढे येतात, पाठ दुमडते आणि लगेच सुटते.

हे एकदा माहीत झालं की बटण कधी दाबायचं ते ठरवता येतं. ताणलेल्या क्षणी कुत्रा लांबच लांब दिसतो, तेव्हा फ्रेममध्ये पुढे जागा सोडावी लागते. गोळा झालेल्या क्षणी ताकद दिसते, पण पायांचा गुंता होतो. या दोन्हींच्या मधले, एखादा पाय जमिनीवर अर्धवट टेकलेले फोटो बहुधा बेंगरूळ दिसतात आणि निवडताना आधी तेच बाद होतात.

ही चाल पाहायला इंग्लंडच्या ट्रॅकवर जायला नको. आपल्याकडचा कारवान आणि मुधोळ हाउंड याच घडणीचे आहेत: खोल छाती, आत गेलेलं पोट, लांब पाय. आज कर्नाटकच्या बागलकोट जिल्ह्यात असलेलं मुधोळ हे घोरपडे घराण्याचं मराठा संस्थान होतं आणि या जातीला तिथल्या राजांनी आश्रय दिला. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांची तिकिटं काढली तेव्हा त्यांत मुधोळही होता. मराठवाड्यातल्या रानात सशामागे पळणाऱ्या कारवानचा फोटो ज्याला जमला, त्याला सोसायटीतला लॅब्रेडोर फार त्रास देत नाही. लॅब्रेडोरची पाठ एवढी वाकत नाही आणि त्याची गंमत पळण्यापेक्षा पाण्यात आहे.

सरावासाठी कुत्रा कुठे येणार हे आधी ठाऊक असलेली जागा सोयीची. १९७८ मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात मधल्या वेळेची करमणूक म्हणून कुत्र्यांच्या अडथळ्यांची एक शर्यत दाखवली गेली. त्यातून पुढे ‘अॅजिलिटी’ हा खेळ जगभर पसरला. फोटोग्राफरला तो आवडायचं कारण उघड आहे: अडथळा जागचा हलत नाही. त्याच्यावर फोकस धरून ठेवता येतो, आणि उडीच्या सर्वोच्च टोकाला कुत्र्याचं वर-खाली जाणं क्षणभर थांबतं. मैदानावर हीच सोय दोन माणसं करू शकतात. एकाने कुत्रा धरायचा, दुसऱ्याने फोटोग्राफरच्या मागे उभं राहून हाक मारायची. चेंडू फेकायचा तर फोटोग्राफरच्या बाजूने. उलट दिशेला फेकला की वाट्याला येते ती शेपटी.

आणि खाली बसायला हवं. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून कुत्र्याची पाठ आणि जमीन दिसते. गवतावर पालथं पडून लेन्स त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणली की मागे दूरची झाडं किंवा क्षितिज येतं आणि हवेत असलेले पाय खरोखर हवेत दिसतात. स्क्रीन बाहेर वळणारा कॅमेरा असेल तर पोटावर पडायची गरज नाही. जुहूच्या ओल्या वाळूवर सकाळी सातच्या सुमारास पूर्वेचं तिरपं ऊन येतं, पावलामागे पाणी उडतं, आणि ते उडालेले थेंब उन्हाच्या विरुद्ध बाजूने चमकतात. दुपारी तिथेच तेच फोटो सपाट येतात, आणि तापलेल्या वाळूने पंजे भाजतात. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. जीभ लांब लोंबू लागली की खेळ थांबवून पाणी पाजायचं.

कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर कॅमेरा ही विचित्र वस्तू आहे. समोरच्याने रोखून पाहणं त्याला धमकीसारखं वाटू शकतं, आणि मोठ्या लेन्सची काच म्हणजे न मिटणारा एक डोळाच. नव्या कॅमेऱ्यासमोर काही कुत्रे मान फिरवतात, कान मागे टाकतात, जीभ नाकावरून फिरवतात. तेव्हा फोटो काढायची घाई करायची नाही. कॅमेरा जमिनीवर ठेवून त्याला हुंगू द्यावा, शटरच्या आवाजाबरोबर खाऊ द्यावा, फोकस लागल्याची ‘पीं’ बंद करावी. मॅग्नम संस्थेचे फोटोग्राफर एलियट अर्विट (१९२८-२०२३) यांनी कुत्र्यांवर पुस्तकंच्या पुस्तकं केली. कुत्र्याचं लक्ष वेधायला ते सायकलचा भोंगा वाजवत आणि प्रसंगी स्वतः भुंकतही. अमेरिकेचे सेठ कॅस्टील चेंडूमागे पाण्यात सूर मारणारे कुत्रे पाण्याखालून टिपत. २०१२ च्या त्यांच्या ‘अंडरवॉटर डॉग्ज’मधली ती विस्फारलेल्या डोळ्यांची, दात दिसणारी तोंडं कुठल्याही सेटिंगने मिळाली नसती, कुत्र्यांना चेंडू हवा होता म्हणून मिळाली.

सगळं गोठवता येऊ लागलं की उलट दिशेचा खेळ सुरू होतो. इटलीच्या जाकोमो बाला या चित्रकाराने १९१२ मध्ये साखळीला बांधलेला एक डाक्सहुंड रंगवला. त्याला दहा-वीस पाय आहेत आणि साखळीच्या अनेक कमानी. त्यामागे फ्रान्सच्या एतिएन-ज्यूल मारे यांच्या, हालचालीचे टप्पे एकापुढे एक टिपणाऱ्या फोटोंचा प्रभाव होता. कॅमेऱ्यात तसं काही हवं असेल तर पॅनिंग करायचं: शटर स्पीड मुद्दाम कमी ठेवून कॅमेरा कुत्र्याच्या गतीने फिरवत राहायचा. तोंड स्पष्ट राहतं, पाय आणि मागचं दृश्य वाहतं. १/१२५ पासून सुरुवात करून हात बसला की १/६०, मग १/३० पर्यंत उतरता येतं. बटण दाबल्यावरही कॅमेरा फिरवत राहायला लागतं. बहुतेक फोटो तिथे हात थबकल्यामुळेच फसतात. चौखूर पळणाऱ्यापेक्षा दुडक्या चालीचा कुत्रा इथे सोपा, कारण त्याचं डोकं वर-खाली कमी होतं. मागे नुसतं आकाश असेल तर रेघा उमटतच नाहीत. त्यामुळे गल्लीच्या कडेला उभी असलेली रिक्षांची रांग किंवा सिनेमाची पोस्टरं चिकटवलेली भिंत शोधायची, आणि कुत्र्याला तिच्यासमोरून न्यायचं.