स्तूपांचे दगड आणि गाळाच्या खडकांची जन्मकथा

अजिंठा, कार्ले, कान्हेरी येथील लेणी पाहिलेला मनुष्य सांचीला गेला, की तेथील दगडाच्या रंगाचे त्याला प्रथम नवल वाटते. आपल्या लेण्यांचा काळा कातळ तेथे नाही. स्तूपाच्या वेदिका आणि तोरणे फिकट पिवळसर, कोठे तांबूस झाक असलेल्या दगडाची आहेत. जवळून न्याहाळले तर त्यात वाळूचे कण दिसतात. हा भेद केवळ रंगाचा नसून जन्माचा आहे. आपल्या वारशातील कोणते शिल्प टिकले आणि कोणते नष्ट झाले, या प्रश्नाचे काही उत्तर त्या जन्मकथेत आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने गाळाच्या खडकांचा थोडा परिचय करून देण्याचे आम्ही योजले आहे.

महाराष्ट्राची सुमारे ८० टक्के भूमी बेसाल्टने व्यापलेली आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडलेला लाव्हारस थिजून हा अग्निजन्य खडक तयार झाला. त्यामुळे ‘दगड’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळा कातळच उभा राहतो. परंतु पृथ्वीवरील जमिनीचा सुमारे तीन चतुर्थांश पृष्ठभाग गाळाच्या खडकांनी झाकलेला आहे. हे खडक आगीतून नव्हे, तर बहुधा पाण्याच्या सान्निध्यात जन्मतात.

त्यांची घडण समजण्यास एक साधा प्रयोग पुरेसा आहे. काचेच्या बरणीत पाणी, खडे, वाळू आणि माती घालून ती हलवावी व स्थिर ठेवावी. खडे प्रथम तळाशी जातात, त्यांवर वाळू बसते आणि गढूळपणा सर्वांत शेवटी निवळतो. निसर्गात हेच विराट प्रमाणावर घडते. ऊन, पाऊस आणि वारा यांनी जुने खडक झिजतात. नद्या तो चुरा वाहून नेतात. प्रवाह मंदावला की तो थरांनी साचतो. वरच्या थरांच्या भाराने खालच्या थरांतील पाणी निघून जाते व कण एकमेकांजवळ येतात. पुढे कणांमधून झिरपणाऱ्या पाण्यातील सिलिका, चुना किंवा लोहद्रव्य पोकळ्यांत साचून कणांना सांधते. सुटी वाळू अशा रीतीने दगड होते. थर विस्कटले नसतील, तर खालचा थर जुना व वरचा नवा, हा नियम लावून भूवैज्ञानिक पृथ्वीचा इतिहास वाचतात. विंध्य पर्वतातील वालुकाश्मांवर तर प्राचीन पाण्याच्या लहरींच्या वळ्याही उमटलेल्या दिसतात.

या खडकांचे तीन मुख्य वर्ग मानले जातात. पहिला, खडकांच्या तुकड्यांपासून झालेला. त्याची पोटविभागणी कणांच्या आकारावरून होते. दोन मिलिमीटरहून मोठे गोटे सांधले गेले तर पिंडाश्म, तुकडे अणकुचीदार असतील तर कोणाश्म. दोन मिलिमीटर ते त्याच्या बत्तिसाव्या भागापर्यंतचे कण असतील तर वालुकाश्म. त्याहून सूक्ष्म चिखलाचा पंकाश्म, आणि तो पातळ पापुद्र्यांनी सुटत असेल तर शेल. दुसरा वर्ग रासायनिक, म्हणजे पाण्यात विरघळलेली द्रव्ये साक्याप्रमाणे खाली बसून झालेला. जिप्सम व सैंधव यांचे थर या वर्गातले. तिसरा वर्ग जैविक, म्हणजे सजीवांच्या अवशेषांचा. चंद्रपूर परिसरातील दगडी कोळसा हा सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा अवशेष होय. चुनखडक मात्र दोन्ही वाटांनी होतो: कोठे शंख-शिंपल्यांच्या कवचांपासून, तर कोठे पाण्यातील चुना साचून.

आता पुन्हा स्तूपांकडे वळू. अशोककालीन बहुतेक स्तंभ मिर्झापूरजवळील चुनारच्या वालुकाश्मातून घडवले गेले, असे अभ्यासक मानतात. हा दगड १०० कोटी वर्षांहून जुना आहे. त्याचे कण बारीक व एकसारखे असून सांधणारे द्रव्य मुख्यतः सिलिका आहे. शिवाय त्याचे थर जाड असल्याने १२ मीटरांहून उंच अखंड स्तंभ त्यातून काढता आले, आणि सारनाथच्या सिंहशीर्षावरील झिलई दोन हजारांहून अधिक वर्षे टिकली. आपला लेख चिरकाल राहावा म्हणून तो दगडावर कोरविला आहे, अशा आशयाचे उद्गार अशोकाच्या लेखांत आढळतात. त्या इच्छेला चुनारच्या कणांनी साथ दिली.

कृष्णाकाठच्या अमरावतीचे नशीब निराळे ठरले. तेथील महास्तूपाची शिल्पे पलनाडच्या हिरवट-पांढऱ्या चुनखडकात कोरलेली होती. हा दगड मऊ; म्हणून वस्त्राची चुणी आणि चेहऱ्यावरील भावही त्यात नाजूकपणे उमटले. आपल्या घरातील शहाबादी फरशी व स्वयंपाकाच्या ओट्याचा कडप्पा हेही चुनखडकच आहेत. लिंबाचा रस सांडला की कडप्प्यावर पांढुरका डाग पडतो, तो याच कारणाने: आम्ल चुनखडकाला खाते. असा दगड भट्टीत तापवला की त्याचा चुना होतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर अमरावतीच्या कित्येक शिळा बांधकामासाठी उचलल्या गेल्या. काही तर चुन्यासाठी भाजल्या गेल्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच आज चेन्नई व लंडन येथील संग्रहालयांत आहेत. भारहुतचा वालुकाश्म चुन्याच्या भट्टीत गेला नाही, पण त्याचेही दगड आसपासच्या घरांच्या भिंतींत गेले. दगड कोणताही असो, त्याची ओळख नसणाऱ्या हातांपासून तो सुरक्षित नसतो.

सांचीच्या वेदिकांवर शेकडो लहान लेख आहेत. भिक्षू, भिक्षुणी, व्यापारी, गृहिणी अशा सामान्य दात्यांची नावे त्यांत आहेत. या लेखांच्या शेवटी वारंवार येणारी अक्षरे ‘दानं’ या शब्दाची असावीत, हे जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ओळखले आणि ब्राह्मी लिपीचे कुलूप उघडले. त्यातूनच पुढे अशोकाचे लेख वाचता आले. दात्यांची ती छोटी अक्षरे वालुकाश्माने दोन हजार वर्षे सांभाळली नसती, तर आपला केवढा इतिहास मुका राहिला असता!

अनेक कण जुळून झालेल्या वस्तूला आपल्या परंपरेत संखार म्हणतात. जे जुळते ते कधीतरी सुटते, हेही तीच परंपरा शिकवते. वालुकाश्मही झिजून पुन्हा वाळू होणारच आहे. मात्र ते काम ऊन-पावसाचे आहे, आपल्या हातातील खिळ्याचे नव्हे. दानाचे नाव आणि खिळ्याने खरडलेले नाव यांतील अंतर आपल्या मुलांना कळावे. यापुढे सांचीला किंवा सारनाथला जाल, तेव्हा मुलांना शिल्पाबरोबर दगडातील कणही दाखवा, एवढीच आमची पालकांना व माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे.