घरचे दप्तर घरीच ठेवा

माझी आई आठ वर्षांची असताना तिच्या आई-वडिलांबरोबर नागपूरला गेली होती. तारीख होती १४ ऑक्टोबर १९५६. पांढऱ्या लुगड्यांची ती गर्दी, वडिलांचे धोतर घट्ट धरून पाहिलेला तो सोहळा ती आम्हाला वारंवार सांगत असे. २०१९ मध्ये माझ्या मुलीने आजीचे हे सारे बोलणे मोबाईलवर तिच्याच आवाजात टिपून घेतले. २०२१ मध्ये आई गेली. पुढच्या वर्षी एका पहाटे नळाचे पाणी भरताना तो मोबाईल पिंपात पडला. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. एका कंपनीच्या मोफत जागेत प्रत असेल, अशी आशा होती. पण ती जागा केव्हाच भरून गेली होती. तसा इंग्रजी संदेश महिनोन्‌महिने येत होता आणि आम्ही तो न वाचताच बाजूला सारत होतो. आईचा आवाज गेला तो गेलाच.

वाचकहो, आज आपल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये काय काय असते, याचा विचार करा. मुलांच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, पडताळणी प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीच्या पावत्या, लग्नाचे फोटो, म्हाताऱ्या माणसांचे आवाज. आपल्या पूर्वजांच्या हाती लेखणी नव्हती, म्हणून त्यांचा इतिहास त्यांना लिहिता आला नाही. आता आपल्याजवळ दप्तर आहे, पण ते आपण दुसऱ्याच्या कपाटात ठेवले आहे आणि किल्लीही त्याच्याकडेच आहे. मुक्या समाजाला स्वतःचे पत्र हवे, म्हणून बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले. आपले साधन आपल्या हाती असावे, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या खिशाला परवडणारा आहे.

लिनक्स म्हणजे काय?

संगणक सुरू करून चालवणारी जी मूळ प्रणाली असते, तिचा लिनक्स हा एक प्रकार आहे. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचे काम जाहीर केले. कोणीही वापरावे, आतून पाहावे, सुधारावे आणि दुसऱ्याला द्यावे, हा त्यांचा आग्रह. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. या दोन्ही कामांच्या मिलाफातून आजचे लिनक्स उभे राहिले. त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत आणि शेजाऱ्याला प्रत दिली तर चोरी ठरत नाही. केरळच्या सरकारी शाळांतील संगणक शिक्षण अशाच मुक्त सॉफ्टवेअरवर चालते.

विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. पुढची आवृत्ती अनेक जुन्या यंत्रांवर चढत नाही. म्हणून कार्यालये असे संगणक भंगारात काढतात. आम्ही असाच एक जुना लॅपटॉप अडीच हजारांना घेतला. मुलगी म्हणाली, “पप्पा, याच्यावर लिनक्स मिंट टाकते, बघा कसा पळतो.” आणि तो खरोखरच कामाला लागला. मिंटला २ जीबी मेमरी लागते, ४ जीबी असल्यास बरे. शिवाय आधी पेनड्राइव्हवरूनच संगणक मिंटमध्ये सुरू करून पाहता येतो. आतले काही पुसले जात नाही. पसंत पडले तरच ते कायमचे बसवावे. मात्र बसवण्यापूर्वी जुन्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. मराठी टंकलेखनाची सोय त्यात आहे आणि पत्रे व हिशेब यांसाठी लिब्रेऑफिस मोफत आहे.

घरचे दप्तर

त्याच लॅपटॉपवर मुलीने ‘नेक्स्टक्लाउड’ हे मुक्त सॉफ्टवेअर बसवले. मोबाईलवर त्याचे अ‍ॅप असते. मोबाईल घरच्या वायफायला जोडलेला असला की फोटो आपोआप लॅपटॉपमध्ये उतरतात. जागा भरली तर डिस्क आपण वाढवायची, महिन्याचे भाडे नाही.

विजेचा हिशेब मी स्वतः मांडून पाहिला. लॅपटॉप सरासरी १५ वॅट घेतो असे धरले, तर दिवसरात्र चालवल्यास महिन्याला सुमारे ११ युनिट होतात. रोज रात्री दोनच तास चालू ठेवला तर एक युनिटही होत नाही.

पण एकच प्रत म्हणजे प्रत नव्हेच. लॅपटॉपही बिघडतो, घरात पाणीही शिरते. म्हणून जपायच्या गोष्टींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातली एक घराबाहेर असावी. आमची एक हार्डडिस्क माझ्या बहिणीकडे असते. दर पौर्णिमेला विहारात भेट होते तेव्हा ती आणून नवी भर घालतो. आणखी एक सावधगिरी: पुरेशी माहिती असल्याशिवाय हे कपाट बाहेरच्या इंटरनेटला उघडे करू नये. घरापुरते चालले तरी पुरे.

दिवे आणि मर्यादा

मोबाईलवरून लावता येणारे दिवे आता बाजारात मिळतात. त्यातल्या अनेक दिव्यांचा हुकूम आधी दूरच्या कंपनीच्या संगणकाकडे जातो आणि मग आपल्या खोलीत येतो. कंपनीने सेवा बंद केली की अ‍ॅप मुके होते. २०१३ मध्ये सुरू झालेले ‘होम असिस्टंट’ हे मुक्त सॉफ्टवेअर जुळणाऱ्या उपकरणांचा हुकूम घरातल्या घरातच ठेवते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पंखा बंद करता येणे, ही मोठी सोय आहे. पण दोन दिव्यांच्या खोलीला भिंतीवरचे बटणच बरे. त्यासाठी कर्ज काढू नये.

लिनक्सने सगळेच भागते असेही नाही. टॅली त्यावर सरळ चालत नाही. अनेक कार्यालयांत विंडोजचीच माहिती विचारतात, तेव्हा मुलांनी तेही शिकावे. सुरुवातीला अडखळायलाही होते. आमचा प्रिंटर सुरू करायला दोन रविवार गेले.

हे काम एकेकट्याने करण्यापेक्षा विहाराच्या अभ्यासिकेत करावे. एक जुना संगणक घ्यावा आणि त्यावर ‘किविक्स’ टाकून मराठी विकिपीडिया उतरवून ठेवावा. मग इंटरनेट नसतानाही मुले तो वाचू शकतात. वस्तीत संगणक शिकणारी एकदोन मुले-मुली असतातच. त्यांच्या हाती हे काम सोपवा आणि वडीलधाऱ्यांनी शेजारी बसून शिकून घ्या.

आणि या रविवारी एक गोष्ट नक्की करा. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा, दीक्षेच्या, गावाच्या, कष्टाच्या आठवणी त्यांच्याच आवाजात टिपून घ्या. त्याच दिवशी त्याची दुसरी प्रत काढा. माझी मुलगी आजही आजीचे ते बोलणे ऐकायला मागते आणि माझ्याजवळ द्यायला काही नसते. ही वेळ तुमच्यावर येऊ नये.

जय भीम!