धोका आधी ओळखण्याचे शिक्षण

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो, आता पुढे काय? डॉक्टर, इंजिनिअर, बँकेची परीक्षा, नाहीतर शिक्षकाची नोकरी. याहून वेगळी वाट आई-वडिलांना कुणी सांगितलेलीच नसते. आज आम्ही अशाच एका वाटेची ओळख करून देत आहोत. तिचे नाव जड आहे : उद्योगातील जोखीम व्यवस्थापन आणि व्यवसाय-सातत्य. पण नाव जड असले तरी विषय नागपूरच्या कामगाराला परका नाही. त्याची किंमत त्याने पुष्कळदा मोजली आहे.

एम्प्रेस मिलचेच बघा. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी ही गिरणी नागपुरात सुरू केली. कापूस जवळ, कोळसा जवळ, रेल्वे दाराशी. सुताच्या गिरणीत सर्वांत मोठी भीती आगीची. कापसाचे तंतू हवेत उडत असतात, एक ठिणगी पुरे होते. म्हणून या गिरणीत आगीच्या उष्णतेने आपोआप सुरू होणारे पाण्याचे फवारे छताला बसवले गेले. हिंदुस्थानातील गिरण्यांत तेव्हा ती नवलाईच होती. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला आणि १८९५ पासून अपघातात जखमी झालेल्यास भरपाई मिळू लागली. आग लागली तर काय, यंत्रात हात सापडला तर काय, याचा विचार आधी करून ठेवला होता. जोखीम व्यवस्थापन म्हणतात ते हेच.

पण गिरणीच बंद पडली तर काय? या प्रश्नाचे उत्तर कामगाराच्या हाती कुणी दिले नव्हते. १९८६ मध्ये गिरणी राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. आज त्या जागेवर मॉल उभा आहे. गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांचे नाव बेझनबागेच्या रूपाने उरले, भोंगा मात्र उरला नाही. ज्या घरांचा सारा दिवस त्या भोंग्यावर चालत असे, त्या घरांतील कर्त्या माणसांनी कुठे रिक्षा धरली, कुठे चौकीदारी. नव्या यंत्रांत पैसा घालायचा की नाही, बाजार बदलतो आहे तर आपण काय बदलायचे, हे ठरत होते त्या टेबलापाशी गिरणी कामगाराचा मुलगा बसलेला नव्हता. आम्हाला या शिक्षणाचे महत्त्व वाटते ते यासाठी.

आता या विषयात शिकवतात काय? संस्थेला कोणकोणते धोके आहेत त्यांची यादी करायची. प्रत्येक धोका कितीदा येईल आणि आला तर किती नुकसान करील, याचा अंदाज बांधायचा. मग ठरवायचे की तो टाळायचा, कमी करायचा, विमा काढून दुसऱ्यावर सोपवायचा, की सोसायचा. व्यवसाय-सातत्य ही त्याची पुढची पायरी. संकट आलेच, तर कोणते काम किती तास बंद राहिले तरी चालेल, कोणते क्षणभरही चालणार नाही, आणि पर्यायी जागा, माणसे, वीज कोठून आणायची, हे आधीच लिहून ठेवायचे व वर्षातून एकदा तरी करून पाहायचे. आमच्या माताभगिनी भरलेले दुसरे सिलिंडर घरात ठेवतात, पावसाळ्याआधी डाळ-तांदूळ भरून घेतात आणि भिशी लावतात. त्यांना हे शास्त्र निराळे शिकवायला नको!

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरकरांनी या शास्त्राची गरज डोळ्यांनी पाहिली. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली आणि मोरभवन बसस्थानकात बसगाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. गाड्या रात्री कुठे उभ्या कराव्यात, हा साधा निर्णय. पण तो पाऊस येण्याआधी घ्यावा लागतो. त्याच वर्षी १७ डिसेंबरला बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात ९ कामगार मृत्युमुखी पडले, त्यांत ६ महिला होत्या. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत ८ जण गेले. अशा ठिकाणी धोक्याची वही कोण लिहितो, आणि ती लिहिताना पावडर हाताळणाऱ्या बाईला कुणी काही विचारतो का, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

शिकायचे कुठे? नागपूरचे भाग्य असे की राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय येथेच आहे. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशात रामपूरला ते सुरू झाले आणि पुढच्या वर्षी नागपूरला आले. तेथे अग्निशमन अभियांत्रिकीची पदवी मिळते. (१४ एप्रिल हा दिवस आपण बाबासाहेबांची जयंती म्हणून साजरा करतो. त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. १९४४ च्या १४ एप्रिलला मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवताना ६६ जवान कामी आले. त्या जहाजात स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र भरल्या होत्या. एवढे सांगितले तरी या विषयाचा पहिला धडा झाला.) १९५७ मध्येच स्थापन झालेले राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालयही येथेच आहे.

पदवीनंतर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचा अभ्यास आहे. तेथील विभागाला जमशेटजी टाटांचेच नाव दिलेले आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची पदव्युत्तर पदविका आहे. विम्याकडे ओढा असेल तर पुण्याची राष्ट्रीय विमा अकादमी. शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना जोखीम समिती नेमणे सेबीने २०२१ पासून बंधनकारक केले आहे. तेव्हा कामाची वाण पडणार नाही.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नुसती पदवी घेऊन आलेल्या पोराला कंपनी धोक्याची वही सोपवत नाही. आधी सुरक्षा अधिकाऱ्याची पदविका करून कारखान्यात दोन-चार वर्षे काढावीत, मग वरचे शिक्षण घ्यावे, हे आम्हाला अधिक शहाणपणाचे वाटते. मोठ्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी ठेवणे कायद्यानेच आवश्यक आहे. आणि गुळगुळीत जाहिरात करून लाख-दोन लाख मागणाऱ्या खासगी संस्थांपासून सावध राहावे. मान्यता कोणाची, हे विचारल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.

पैशाअभावी कुणी मागे राहू नये म्हणून भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. परदेशी शिकायचे असेल तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. अर्ज नाकारले जातात ते बहुधा कागदपत्रांपायी. म्हणून जातीचा दाखला, जात वैधता आणि उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता आताच काढून ठेवावा. समाजकल्याण कार्यालयात जाताना मूळ प्रती आणि झेरॉक्सचे दोन संच सोबत न्यावेत.