ओढणे सोपे, आवरणे कठीण

विजेवर चालणाऱ्या मोटारीबद्दल आपल्याकडे पहिली शंका निघते ती तिच्या ताकदीची. ‘बॅटरीवरची गाडी ओझे काय ओढणार?’ असे माझे मित्र विचारतात. वस्तुतः ओढण्यात ही गाडी मुळीच मागे नाही. पेट्रोलच्या इंजिनाचा जोर फेरे वाढल्यावर वाढतो. विजेची मोटर जागेवरून हलतानाच पूर्ण जोर लावते. खरी अडचण आहे ती ओढलेले ओझे आवरण्याची. मोटारीमागे ट्रेलर किंवा कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली, जोडून सुटीला निघण्याची रीत ब्रिटनमध्ये जुनी आहे. म्हणून तेथील उदाहरण घेऊन हा विषय मांडतो.

कोणत्या मोटारीने किती वजन ओढावे हे तिचा उत्पादक ठरवून देतो. युरोपीय नियमांची एक कसोटी अशी की, ट्रेलरसह उभी असलेली गाडी १२ टक्के चढावर पाच मिनिटांत पाच वेळा पुढे निघाली पाहिजे. शिवाय बॅटरीमुळे ही मोटार मुळातच जड. तिचा सांगाडा, टायर व ब्रेक यांवर तो भार आधीच असतो. २०१० साली आलेल्या पहिल्या निसान लीफला ट्रेलर जोडण्याची मुभाच नव्हती. उलट २०२१ च्या ह्युंदाई आयोनिक ५ ला १६०० किलोपर्यंतचा, स्वतःचे ब्रेक असलेला ट्रेलर चालतो.

ट्रेलरला ब्रेक नसतील, तर ब्रिटिश नियमाप्रमाणे त्याचे मालासह वजन ७५० किलो किंवा मोटारीच्या वजनाच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल त्याहून अधिक नसावे. १६ डिसेंबर २०२१ पासून तेथे साध्या मोटारीच्या परवान्यावर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर वेगळ्या परीक्षेशिवाय ओढता येतो. मात्र गाडीची स्वतःची मर्यादा कमी असेल तर तीच पाळावी लागते. वेगाची मर्यादा दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ताशी ५० मैल, दुभाजकाच्या रस्त्यावर व मोटारवेवर ६० मैल.

माल कसा भरावा हे बैलगाडी पाहिलेल्याला सांगायला नको. मागे वजन जास्त झाले की गाडी उलाळ होते. पुढे झाले की जू बैलांच्या मानेवर दाबते. ट्रेलरचेही तसेच आहे. एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के भार पुढच्या जोडणीवर यावा; हजार किलोच्या ट्रेलरला ५० ते ७० किलो. मागचा भाग जड झाला, तर वेगात ट्रेलर शेपटासारखा हलू लागतो आणि मोटारीलाही फरफटत नेतो.

आता ब्रेकविषयी. विजेच्या मोटारीत पायाचा दाब काढला की मोटरच डायनामो बनते. गाडी मंदावते आणि बॅटरीत वीज परत जाते. पण बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर त्या विजेला जागाच नसते व हा रोध कमी पडतो. म्हणून घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरून, मागे ओझे घेऊन उतरणे शहाणपणाचे नाही.

अंतराचा हिशेबही बदलतो. उंच कॅरॅव्हॅन मागे असली की एका भरणीत होणारा प्रवास जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५० ऐवजी ६० मैलांनी गेल्यास तो जवळजवळ दीडपट होतो. सावकाश जाणे येथे सुरक्षित आणि काटकसरीचेही आहे.

हे सारे परदेशातले म्हणून सोडून देता येत नाही. बेळगावच्या आसपास गळीत हंगामात उसाने शीगोशीग भरलेल्या ट्रॉल्या आपण रोज पाहतो. ट्रॅक्टर त्या ओढतो. परंतु उतारावर त्या थांबतील का, हा प्रश्न तोच आहे. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच मानले आहे आणि ठरलेल्या वजनापेक्षा अधिक माल भरणे हा गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये ट्रेलरच्या मागे दिवे व दोन लाल त्रिकोणी परावर्तक लावावेच लागतात. आपल्याकडे मात्र अंधारात उभी असलेली ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अगदी जवळ आल्यावरच दिसते. ज्या मित्रांच्या घरी ट्रॉली आहे, त्यांनी पहिली खेप निघण्यापूर्वी तिच्यामागे परावर्तक लावावेत. त्याला खर्च थोडा आणि वेळ त्याहूनही थोडा लागतो.