मेंढीचे दूध आणि काटेरी फूल
जळोचीसारख्या बारामती-इंदापूरकडील गावांच्या शिवारात मेंढी पाळली जाते ती मांस, लोकर आणि खत यांसाठी. शेतकरी रानात मेंढ्या बसवून घेतो, परंतु तिचे दूध कोकराच्या वाट्याचे आणि उरलेच तर धनगराच्या घरचे, अशी येथील वहिवाट आहे. पोर्तुगालात त्याच दुधाचे चीज होते. मुख्य भूमीवरील सर्वांत उंच, १९९३ मीटरच्या सेर्रा द एश्त्रेला या पर्वतप्रदेशातील मेंढपाळ कोमट दुधात मीठ आणि एका काटेरी वनस्पतीच्या जांभळ्या फुलांतील सुकलेल्या तंतूंचा अर्क घालतात, आणि वासराच्या जठरातील द्रव्यावाचून, केवळ फुलातील पाचक द्रव्याच्या योगाने, ते दूध साकळते; ही वनस्पती आमच्या करडईच्याच कुळातली, हे समजल्यापासून तो दूरदेशीचा पदार्थ मला आप्तासारखा वाटू लागला आहे. मेंढीच्या दुधातील स्निग्धांश गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट असतो, आणि फुलातील त्या पाचक द्रव्यामुळे महिनाभर मुरूनही हे चीज अंतर्यामी इतके मृदू राहते की वरची साल कापून ते चमच्याने खातात. अझेताँव व सेर्पा या गावांची चीजेही याच रीतीची. या तिन्ही नावांना युरोपीय संघाने १९९६ साली कायदेशीर संरक्षण दिले असून नेमलेल्या प्रदेशाबाहेर केलेल्या मालावर ती नावे छापण्यास मज्जाव आहे.